कागदावरची मागची सीट

पीयूसीवाल्याने मशीनमधून कागद फाडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मॅडम, रजिस्ट्रेशन संपतंय तुमचं. पंधरा वर्षं होतील पुढच्या महिन्यात." मरोळच्या पंपावर सकाळची गर्दी होती, मागे दोन रिक्षा हॉर्न मारत होत्या. मी कागद बॅगेत कोंबला आणि ऑफिसला निघाले. डोक्यात इतकंच होतं की ऑनलाइन फॉर्म भरायचा, तारीख घ्यायची आणि एक दिवस सुट्टी काढून आरटीओत गाडी दाखवून यायची. साकीनाक्याच्या सिग्नलला उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की दाखवायला माझ्या गाडीला मागचा भागच नाही.

म्हणजे चाक होतं. चाकावर काहीच नव्हतं. माझी सीट संपते तिथे गाडी संपत होती. मागची सीट नाही, धरायला हँडल नाही, मडगार्ड नाही, मागच्याचे पाय ठेवायला फूटरेस्ट नाहीत. नंबरप्लेट चाकाच्या डाव्या बाजूला एका पट्टीवर टांगलेली, इंडिकेटर करंगळीएवढे. लाल दिवा सीटच्या पोटात असा बसवलेला की मागून येणाऱ्याने वाकून पाहिलं तरच दिसावा. चौदा वर्षं मी ती गाडी अशीच चालवली. ट्रॅफिक पोलिसांनी प्लेटवरून दोनदा दंड केला, तो भरला आणि विसरले.

ही मोटारसायकल मी चोविसाव्या वर्षी माझ्या पगारावर घेतली. आमच्या घरात पहिली गाडी. बाबा गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते, आई घरी शिवणकाम करायची, भाऊ शिकत होता. गाडी आली आणि महिन्याभरात मी घरची रिक्षा झाले. सकाळी भावाला क्लासला सोड, तिथून आईला बाजारात ने, संध्याकाळी मावशीला स्टेशनवरून आण. कोकणातून पाहुणे आले की त्यांच्या फणसासकट त्यांना सोडायला जा. मी दमून घरी यायचे आणि बूट काढायच्या आत कुणीतरी चप्पल घालून दारात उभं असायचं. ‘नाही’ म्हणायची मला सवय नव्हती. मोठी मुलगी, कमावती मुलगी, ती कसली नाही म्हणते?

तर तोंडाने म्हणायचं ते मी वेल्डिंगवाल्याकडून म्हणवून घेतलं. कुर्ल्याला भंगार बाजाराच्या तोंडाशी एका मिस्त्रीचं छोटं गॅरेज होतं. तिथे एक कापलेली गाडी उभी दिसली, सडपातळ, मागे निमुळती होत गेलेली. मी त्याला म्हटलं, माझी पण अशी कर. त्याने विचारलं, "मागे कोण बसणार नाही?" मी म्हटलं, त्याचसाठी तर. तो हसला आणि कटर चालू केला. तीन दिवसांनी गाडी घरी आणली तेव्हा आई गॅलरीत उभी होती. ती खाली उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "शेपूट खंय गेली हेची?" मी म्हटलं, आता फॅशन अशीच आहे. तेव्हापासून आई रिक्षाने जाऊ लागली, आणि प्रत्येक वेळी रिक्षात बसताना माझ्याकडे एकदा बघायची.

एवढं सगळं आठवूनही मी पहिल्या वेळी आरटीओत गाडी आहे तशीच घेऊन गेले. वाटलं, चासी नंबर बघतील, ब्रेक बघतील, सही करतील. तपासणीला एक तरुण बाई होती, खाकी गणवेशातली, माझ्याहून निदान दहा वर्षांनी लहान. मला उगाच बरं वाटलं. बाई आहे, बाईची गाडी बघून खूश होईल, असलं काहीतरी. ती समोरून आली, चासी नंबर टॉर्च मारून वाचला, हॉर्न वाजवला, दिवा लावला, मागे गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ थांबली. मग फाइल उघडून कागद पाहिला, पुन्हा गाडीकडे पाहिलं.

"सीट किती आहेत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एक.

"कागदावर दोन आहेत."

मी तिला समजवायला गेले. मी एकटीच चालवते, मागे कुणी बसतच नाही, चौदा वर्षांत एकही अपघात नाही. ती ऐकत होती आणि लिहीत होती. मागची सीट नाही, धरायचं हँडल नाही, फूटरेस्ट नाहीत, साडीगार्ड नाही, मडगार्ड नाही, प्लेट जागेवर नाही, सरकारने सक्तीची केलेली नवीन सुरक्षा नंबरप्लेट लावलेलीच नाही, इंडिकेटर दिसत नाहीत, लाल रिफ्लेक्टर नाही. मी साडी नेसून कधी गाडीवर बसले नव्हते, तरी साडीगार्डचं मला सगळ्यात जास्त लागलं. मी विचारलं, मागे सीटच नसेल तर साडीगार्ड कशाला? ती म्हणाली, "म्हणून तर सीट लावा म्हणतेय." आणि मागची गाडी पुढे घ्यायला हात केला.

गेटबाहेर एक एजंट उभा होता. त्याने माझं तोंड पाहूनच ओळखलं. म्हणाला, मागची सीट, हँडल, साडीगार्ड, सगळं भाड्याने मिळतं, लावायचं, दाखवायचं आणि गल्लीच्या कोपऱ्यावर परत काढून द्यायचं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, चालेल. तो वाकून सीटखाली बघायला गेला आणि सरळ होऊन म्हणाला, "ताई, लावू कशावर? फ्रेमच कापलीय तुम्ही." त्याने मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. एजंटानेही सोडून दिलेली गाडी घेऊन मी घरी आले.

मग सुरू झाला तो चक्राकार वैताग. नवीन सुरक्षा प्लेटसाठी मी ऑनलाइन तारीख घेतली, अंधेरीतल्या सेंटरवर गेले. तिथल्या माणसाने प्लेट हातात धरली, गाडीच्या मागे बसला आणि विचारलं, ठोकू कुठे? मी बाजूची पट्टी दाखवली. तो म्हणाला, तिथे नाही, मागे मधोमध, मडगार्डवरच. मी म्हटलं, माझ्या हातात द्या, मी बसवून घेईन. ते चालत नाही म्हणाला, प्लेट गाडीवर लावल्याचा फोटो काढावा लागतो. प्लेट परत कपाटात गेली. म्हणजे आरटीओला प्लेट हवी, प्लेटवाल्याला मडगार्ड हवा, मडगार्डला फ्रेम हवी, आणि फ्रेमचा तो तुकडा चौदा वर्षांपूर्वी कुर्ल्यात कुठल्यातरी काट्यावर वजन करून गेलेला.

मिस्त्रीचं गॅरेज अजून होतं. मिस्त्री मात्र म्हातारा झाला होता, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी गाडी उभी केली तर त्याने माझ्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही माझी कापणी आहे." मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो थोडा तरी ओशाळेल. तो उलट माझ्यावरच चिडला. म्हणाला, तेव्हा तूच आलीस, मीच कापलं, आता तूच म्हणतेस जोड. कापणं एका दुपारचं काम होतं, जोडणं नाही. हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय. दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडला तर मापं जुळणार नाहीत, एक सूत इकडेतिकडे झालं तर चाक घासेल.

जुळणारा तुकडा शोधायला त्याला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी रोज ऑफिसमधून त्याला फोन करायचे आणि तो रोज म्हणायचा, बघतोय. मी वांद्रे-कुर्ला संकुलात काम करते, जेवणाच्या सुट्टीत दोनदा स्वतः भंगार बाजारात जाऊन आले. तेलकट ढिगांपुढे ऑफिसच्या कपड्यांत उभी राहून मी लोकांना गाडीचा मागचा भाग मागत होते आणि प्रत्येक दुकानदार मला पुढचा भाग दाखवत होता. शेवटी मिस्त्रीलाच एक सापडला, अपघातात पुढून चेपलेल्या माझ्याच मॉडेलचा. सीट फाटलेली, पण हँडल शाबूत. त्याने तो जोडला. गाडी माझ्या ताब्यात आली तेव्हा ती मला ओळखू येईना. ढुंगण वर करून उभ्या असलेल्या म्हशीसारखी दिसत होती. मडगार्ड बसल्यावर प्लेटवाल्याने मुकाट्याने प्लेट ठोकली, फोटो काढला. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या तपासणीला तीच बाई होती. या वेळी मी ताठ उभी होते. तिने सीट दाबून पाहिली, हँडल ओढलं, प्लेटचे खिळे बोटाने चाचपले. मग मला ब्रेक मारायला सांगितलं. पायाचा ब्रेक मारला, लाल दिवा लागला. हाताचा मारला, लागला नाही. इंडिकेटर दिला तर तो ताप चढल्यासारखा भराभर लुकलुकायला लागला, कारण पुढचे जुने आणि मागचे नवीन, दोघांचं जमत नव्हतं. आणि साडीगार्ड नव्हताच. मिस्त्री म्हणाला होता, तो कोण बघतंय. तिने पाहिलं.

मी त्या वेळी जे बोलले ते मला आवडत नाही. मी आवाज चढवला. रस्त्यावर धूर ओकत फिरणाऱ्या गाड्या दिसत नाहीत का, माझ्या साडीगार्डवर देश अडलाय का, असं बरंच काही. रांगेतले लोक बघायला लागले. ती चिडली नाही. पेन खिशाला लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, गाडीला मागे सीट आहे म्हटल्यावर त्या सीटवर बसणाऱ्या माणसाचं मला बघावं लागतं. तुमचं तुम्ही बघताच."

ती पुढच्या गाडीकडे गेली. मी गाडी ढकलत बाहेर आणली आणि झाडाखाली उभी राहिले. डोकं तापलेलं होतं. तिला द्यायला उत्तरं सुचत होती, एकाहून एक झणझणीत. आणि त्या उत्तरांच्या मधेच मला बाबा आठवले.

गाडी कापून दोन वर्षं झाली असतील. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उघडायला हॉस्पिटलात न्यायचं होतं. नेमका रिक्षांचा संप. टॅक्सी मिळेना, बसला लोक लटकलेले, एका डोळ्याने बाबा चढणार कसे? आईने माझ्याकडे पाहिलं, मी खाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं. शेवटी खालच्या मजल्यावरचे काका आपल्या स्कूटरवर त्यांना घेऊन गेले. मी माझ्या गाडीवरून मागोमाग. एकटी, रिकामी. बाबा काकांच्या खांद्याला घट्ट धरून बसले होते, डोळ्यावर पांढरी पट्टी. एका सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारी आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी मान वळवून, चांगला डोळा माझ्याकडे करून विचारलं, "पेट्रोल आहे ना गं तुझ्या गाडीत?"

इतकंच. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. त्यानंतर चार वर्षांनी बाबा गेले, वेगळ्याच आजाराने, आणि तेव्हा रुग्णवाहिका वेळेवर आली होती, म्हणजे त्यात माझ्या गाडीचा काही संबंध नाही. पण त्यांना माझ्या गाडीवरून मी एकदाही कुठे नेलं नाही. गाडी कापायच्या आधीच्या वर्षात बाकी सगळे बसले होते. बाबा एकदाही म्हणाले नव्हते की मला सोड. ते बसने जायचे.

त्या झाडाखाली मी इतकी चिडले होते की कुणावर ते कळेना. तपासणीवालीवर, मिस्त्रीवर, त्या साडीगार्डवर, आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या त्या मुलीवर, जिला ‘आज मी दमलेय, नाही जमणार’ एवढी पाच शब्दांची गोष्ट बोलता येत नव्हती म्हणून तिने लोखंड कापून घेतलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं की परत नापास. ती चपातीचं पीठ मळत होती. तिने विचारलं, या खेपेला काय राहिलं. मी म्हटलं, साडीगार्ड. तिने हात थांबवला आणि पहिल्यांदाच ती गोष्ट काढली. म्हणाली, तुझ्या गाडीवर मागे बसायचे तेव्हा त्या जाळीमुळेच पदर वाचायचा, तरी एकदा गेला होता आत, मीच ओढून काढला, तुला कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? आई म्हणाली, "तू तेवा खंय ऐकत होतंस? हॉर्नच वाजवत होतंस." आणि परत पीठ मळायला लागली.

रजिस्ट्रेशन संपायला चार दिवस उरले होते. तिसऱ्या तपासणीच्या वेळी मी मिस्त्रीला म्हटलं, तुम्ही चला सोबत, काही निघालं तर तिथेच नीट करा. तो कुरकुरला, गॅरेज बंद ठेवावं लागेल म्हणाला, पण आला. हत्याराची पिशवी घेऊन बसने आला, कारण गाडीवर मागे बसायला तो तयार नव्हता. आपण जोडलेल्या तुकड्यावर आधी दुसऱ्या कुणाला बसू दे, असं म्हणाला. हा मला तेव्हा विनोद वाटला.

या वेळी दिवे लागले, इंडिकेटर शहाण्यासारखे लुकलुकले, साडीगार्ड होता, रिफ्लेक्टर होता. तपासणीवाली बाई खाली बसून वेल्डिंगच्या जोडाकडे बघत राहिली. मग उठून म्हणाली, मागे कुणीतरी बसा. मी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने माझ्याकडे. त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. तो चढून बसला. माणूस अंगाने भारी. तिने मला गाडी आवारात एक फेरी फिरवायला सांगितली. पहिल्याच खड्ड्याला मागून खर्र असा आवाज आला. टायर मडगार्डला घासत होता.

मला खरंच रडू आलं. चाळिशीला आलेली बाई, आरटीओच्या आवारात, हेल्मेटच्या आत. बरं झालं काच खाली होती. मिस्त्री उतरला, पिशवीतून पाना काढला, तिथेच जमिनीवर आडवा झाला. तपासणीवाली बाई म्हणाली, माझी जेवणाची सुट्टी व्हायच्या आत करा. ती बाकीच्या गाड्या बघत राहिली आणि मधूनमधून आमच्याकडे नजर टाकत राहिली. मिस्त्रीने मडगार्डचे बोल्ट सोडले, खाली वायसर घातले, परत आवळले, परत सोडले, अजून एक घातला. मी त्याच्या डोक्यावर माझी ओढणी धरून सावली करत होते आणि त्याला शिव्याही घालत होते, मनातल्या मनात. तोही बहुतेक तेच करत होता.

पुन्हा फेरी मारली. खड्ड्यात मुद्दाम दोनदा नेली. आवाज आला नाही. बाईने सही केली, शिक्का मारला आणि कागद देताना म्हणाली, "आता मागे कुणी बसलं तर चालेल." तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी थँक यू म्हटलं. मागच्या वेळचं काही बोलावं असं वाटत होतं, पण तिने तोपर्यंत पुढच्या रिक्षाचा हॉर्न वाजवला होता.

मिस्त्रीला मी कुर्ल्याला सोडते म्हटलं. आता तर तोही नाही म्हणू शकत नव्हता. तो मागे बसला, हँडल धरलं आणि आम्ही निघालो. चौदा वर्षांत माझ्या मागे वजन नव्हतं, आणि मला त्याचा अंदाजच राहिला नव्हता. ब्रेक मारला की तो माझ्या पाठीवर आदळायचा. वळणावर गाडी मला हवी तिथे न जाता त्याला हवी तिकडे जायची. दोन रिक्षांच्या मधल्या फटीत मी सवयीने घुसले आणि त्याचा गुडघा एका रिक्षाला घासला. साकीनाक्याच्या सिग्नलला त्याने माझ्या हेल्मेटवर टकटक केलं आणि उतरला.

"मी इथून रिक्षा करतो," तो म्हणाला. "जोड माझा पक्का आहे. तुझं बघ."

सिग्नल सुटला, मागचे ओरडायला लागले. वैतागून मी पुढे निघाले. महिनाभर गाडी नीट करण्यात घालवला आणि आता कळत होतं की गाडी नीट झाली, चालवणारी राहिली.

नवीन आरसी काही आठवड्यांनी पोस्टाने आली. सीट दोन, तसंच छापलेलं. सध्या रविवारी सकाळी औद्योगिक वसाहतीतले रस्ते मोकळे असतात तेव्हा मी मागच्या सीटवर तांदळाची गोणी दोरीने बांधते आणि फेऱ्या मारते. ब्रेक हळू, वळण रुंद. गोणी अजून एका बाजूला कलते. परवा परत आले तर आई गॅलरीत उभी होती. मी खालूनच विचारलं, बसतेस का, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. तिने कललेली गोणी पाहिली.

"माका काय घाय नाय," ती म्हणाली. "तू आधी शिक."